एकास वीसची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, दाराच्या चौकटीला निदान कोणी तोरण तरी बांधते. मी संगणकावरच्या नकाशातली चौकट. सॉफ्टवेअरमध्ये मला व्ह्यूपोर्ट म्हणतात. घर असते खऱ्या मापाचे आणि कागद असतो हातभर. त्या कागदावर घर किती लहान दिसावे, हे मी सांभाळते. माझे प्रमाण एकास वीस. कागदावर एक सेंटिमीटर, तर जागेवर वीस. एवढे बकरीलाही समजावता येईल. हर्षदला मी अजून समजावते आहे.

माझी उमेदीची वर्षे काशीदच्या एका रिसॉर्टचे संडास दाखवण्यात गेली. "संडास अगदी जिवंत वाटतो," असे तेव्हाचे साहेब म्हणाले होते. असे कौतुक पचवायला मन मोठे लागते. पुढे लोक मला या फायलीतून उचलून त्या फायलीत चिकटवत गेले आणि शेवटी अलिबागच्या एका ऑफिसात मी हर्षदच्या हाती पडले. हा मुलगा विचार करताना माउसचे चाक फिरवतो. विचार करत नसतानाही फिरवतो. म्हणजे दिवसभर.

एके दिवशी किहीमच्या चंद्राबाई आल्या. उंची जेमतेम साडेचार फूट. जन्मभर त्यांनी मुंबईकरांच्या बंगल्यांत स्वयंपाक केला, तोही पाटावर उभे राहून. कारण ते ओटे उंच मालकिणींच्या मापाचे होते, आणि मालकिणी ओट्याजवळ फिरकतही नव्हत्या. आता चंद्राबाईंचे स्वतःचे घर होत होते.

"हर्षद बाला, बाकी घर कसं पन काड," त्या म्हणाल्या. "ओटा तेवडा माज्या कमरंला पायजे. पाटावर चढून लय रांदलं."

"टेन्शनच नको, काकी!"

ओटा त्याने कमरेइतकाच काढला, हे मान्य करते. मग नळ जवळून बघायला म्हणून तो माझ्या आत शिरला आणि त्याने चाक फिरवले. ओटा माझ्या डोळ्यांदेखत टम्म फुगला. खाली अक्षरे मात्र तीच: प्रमाण एकास वीस. मला एक कुलूप असते, मित्रांनो. ते लावले की चाक कितीही फिरवा, माझे प्रमाण हलत नाही. त्याने ते लावले नव्हते. मापांचे आकडेही पुसले होते, कारण म्हणे आकड्यांनी नकाशा घाण दिसतो. नकाशा स्वच्छ छापून निघाला आणि मी बांधकामावर जाऊन खिळ्याला लटकले.

तिथे कोंडाजी गवंडी होते. आकडे दिसेनात, म्हणून त्यांनी माझ्यावर पट्टी लावली, विसाने गुणले आणि विटा रचल्या. ज्या बाईच्या हातचा चहा ते रोज पीत होते, तिच्या खांद्याला लागेल असा ओटा त्यांनी बांधला आणि वर ओळंब्यात आहे की नाही तेही तपासले. ओळंब्यात होता.

चंद्राबाई ओट्यासमोर उभ्या राहिल्या. काठ बरोबर बगलेत बसला. भाकरी थापायला त्यांनी हात वर केले, तर कोणीतरी दरोडा घातल्यासारखे दिसू लागले.

"कोंडाजी, ह्यो ओटा हाय का माळा?"

"कागदात हाय तसाच हाय, बाय. मी काय मनानं बांदतो?"

हर्षदला बोलावले. त्याने कागदाकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले आणि समोरची बाई सोडून बाकी सगळ्याकडे पाहिले. "काकी, स्केल तर बरोबर लिहिलंय. स्क्रीनवर जरा झूम झालं असेल, बस."

"मंग आता माज्यावर फिरव तुजं चाक," चंद्राबाई म्हणाल्या. "बगू, मी किती वाडते."

हर्षदचे बोट हवेत खरोखरच जरा हलले. मी पाहिले.

ओटा फोडला. या वेळी कोंडाजींनी चंद्राबाईंनाच भिंतीशी उभे केले, त्यांच्या कमरेशी खडूने रेघ मारली आणि तिथवर विटा लावल्या. नव्या ओट्याच्या पहिल्याच दिवशी चंद्राबाईंनी दोघांना जेवायला बोलावले. हर्षद ताट विसळायला ओट्याशी वाकला, कण्हला आणि म्हणाला, "काकी, खालीच झाला की हो ओटा!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुज्यासाठी न्हाय बांदला."

मित्रांनो, चौकट जागेवर बसली की तिला कुलूप लावा. चुकलेले माप कागदाला टोचत नाही आणि काढणाऱ्यालाही टोचत नाही. ते टोचते बाईच्या बगलेत.