हँडल देवीच्या पायाशी

मार्गासनीच्या चावडीपुढं अर्धा गाव जमला होता. रखमाजी शेटच्या मोटारीचं बॉनेट उघडं होतं आणि गेनू भगत डोळे फिरवत आत वाकला होता.

"कोण हाईस तू? का अडवलीस गाडी?" भगत इंजिनाला विचारत होता. इंजिन काय बोलणार! उत्तरही तोच द्यायचा, बायकी आवाजात. "मला काळी कोंबडी पायजे!"

कोंबडी आली. भगतानं लोखंडी चिमटा इंजिनाच्या बगलेत खुपसला. "दाब!" ड्रायव्हर कुंडलिकनं सीटवरून बटण दाबलं. ठिणगी उडाली, मोटार धडधडली.

"चांगभलं!" लोक ओरडले.

पंचावन्न सालच्या दसऱ्याच्या तोंडावर बटणासरशी इंजिन फिरवणारा जुना स्टार्टर जळाला, म्हणून पुण्याहून नवा आणून कुंडलिकनंच बसवला होता. तरी बटण दाबलं की नुसतं टक् व्हायचं. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवलं, म्हणजे हँडल मारलं, की मोटार चालू व्हायची; पण भगतानं हँडलच मागून घेतलं. "गाडीत देवी शिरलीया. हँडल मारणं म्हंजे तिच्या पाठीत घालणं. ते तिच्या पायाशी ठेवा. धक्का बी मारायचा न्हाई." रखमाजीनं ते मुकाट देवळात नेऊन दिलं. मग रोज सकाळी भगत, रोज कोंबडी. भगत अंगानं भरला.

मार्गशीर्षात कुंडलिकची बायको अंबूबाई अडली. पहिलटकरीण. सुईण म्हणाली, "माज्या हातातलं न्हाई हे. भोरला दवाखान्यात न्या."

कुंडलिकनं तिला मागच्या सीटवर निजवलं आणि बटण दाबलं. टक्.

तो देवळाकडं पळाला. "भगत, हँडल द्या. पाया पडतो."

"देवीला दिलेलं माघारी मागतोस?" भगत आला, पण मोटारीपासून लांबच थांबला. "अडलेली बाई गाडीत? इटाळ झाला. आदी तिला खाली काढा."

"जीव जाईल वो तिचा!"

"देवीपेक्षा तिचा जीव मोठा व्हय रे?"

कुंडलिकनं रखमाजीकडं बघितलं. रखमाजी म्हणाला, "गाडी माजी हाय. उतरव."

अंबूबाईला रस्त्याकडेला गोणपाटावर ठेवलं. मोटार गोमूत्रानं धुतली. लिंबं कापली. शेवटी चिमटा आत गेला, ठिणगी उडाली, मोटार धडधडली. तोवर अंबूबाई गेली होती, पोटातल्या लेकरासकट. तरी लोक सवयीनं "चांगभलं" ओरडले.

"देवीनं गाडी तर दिली," रखमाजी म्हणाला. "बाईचं नशीब."

दिवसकार्य उरकून कुंडलिक पुन्हा त्याच सीटवर येऊन बसला. त्या सकाळी शाळेचे धुमाळ मास्तर त्याच मोटारीनं नसरापूरला निघाले होते. गाव हात जोडून उभा होता. मास्तर एकटेच भगताशेजारी वाकून बघत होते. मोटार चालू झाली, तशी त्यांनी ती बंद करायला लावली.

"कुंडलिक, चाक काढायची टॉमी आण. एक टोक स्टार्टरला टेकव, दुसरं इंजिनाला. बटण मी दाबतो."

ठिणगी उडाली. मोटार धडधडली. कुणीच ओरडलं नाही.

"टॉमीत बी देवी शिरली!" भगत म्हणाला. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"स्टार्टर सोड," मास्तर म्हणाले.

कुंडलिकनं बोल्ट काढले. स्टार्टर इंजिनाला जिथं भिडतो तिथं शेंदराचा कडक थर होता. बोल्टांनाही होता. थरात चार बोटं उमटली होती.

"बॅटरीची वीज तारेनं स्टार्टरात येते आणि त्याच्या अंगातून इंजिनाच्या लोखंडात जाऊन माघारी फिरते," मास्तर म्हणाले. "मधे हा शेंदूर वाळला, वाट बंद झाली. चिमटा लावला की वाट मिळते. शेंदूर लावला कुणी?"

"अंबूनं." कुंडलिकला खंडेनवमी आठवली. नवी वस्तू पुजूनच बसवा, म्हणाली होती. कारळ्याच्या तेलात शेंदूर कालवून तिनं स्टार्टर सगळीकडून माखला होता. पुसला तर देव कोपेल, म्हणून त्यानं तो तसाच बसवला.

"बगा! बाईचंच करणं!" भगत ओरडला. "चिमटा लावला की चालती, एवढंच मला ठावं."

"मग हँडल का काढून घेतलंस?" कुंडलिकनं विचारलं.

भगत चिमटा काखेत मारून मागं सरकला.

कुंडलिक देवळातून हँडल घेऊन आला. आता मार बसणार म्हणून भगतानं दोन्ही हात डोक्यावर धरले. कुंडलिकनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तो खाली बसला आणि काचकागदानं शेंदूर घासू लागला. बोटं उमटली होती ती जागा त्यानं शेवटाला ठेवली. मग तीही घासली. खालचं लोखंड पांढरं लख्ख निघालं.

स्टार्टर बसवून त्यानं बटण दाबलं. मोटार लगेच चालू झाली.

लोकहो, तुमचा देव कुणी काढून घेत नाही. शेंदूर देवाला लावा. पण कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी वाकून बघा, त्याचा हात कुठं जातो ते. आणि बाई अडली तर आधी हँडल मारा.