जुनी वस्ती, नवी वस्ती

राजाजीनगरच्या रिक्षा स्टँडवर मारामारी जुंपली तेव्हा रणवीर तालमीतून घरी चालला होता. शेजारचा मल्लाप्पा रिक्षावाला रस्त्यावर पडला होता आणि चार-पाच जण त्याला लाथांनी तुडवत होते. रणवीरने खांद्यावरची पिशवी फेकली आणि सरळ त्या घोळक्यात घुसला. एकाला उचलून त्याने रिक्षावर आपटलं, दुसऱ्याचा जबडा मोडला. तेवढ्यात कुणीतरी जॅकचा लोखंडी दांडा घेऊन मागून आला. नारळ फुटावा तसा आवाज झाला, असं मल्लाप्पा पुढे कित्येक वर्षं सांगायचा, आणि सांगताना त्याचा स्वतःचा हात डोक्यामागे जायचा.

रणवीर वाचला. इस्पितळातून परतला तेव्हा तो चालत होता, बोलत होता, दोन माणसांचं जेवत होता. शेजारीपाजारी म्हणाले, देवाने राखला. पण त्याची धाकटी बहीण दिव्यश्री हिला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं की गेलेला अण्णा परत आलेला नाही. सारात मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट भिंतीवर फेकलं, मग उठून त्याच भिंतीवर कपाळ आपटू लागला. वडील, विठोजी, त्याला आवरायला गेले आणि त्यांचा पुढचा दात पडला. थोड्या वेळाने रणवीर त्यांच्याकडे बघून काळजीने विचारत होता, "अप्पा, तोंडाला काय लागलं?"

डॉक्टरांनी सगळं आधीच समजावलं होतं. मेंदूचा राग आवरणारा भाग दुखावला आहे, राग उसळेल आणि ओसरेल, आणि बहुतेक वेळा त्याची आठवणही उरणार नाही. गोळ्या चुकवू नका, एवढं त्यांनी बजावलं. विठोजींनी त्या गोळ्या ताकदीच्या म्हणून सांगितल्या. ताकदीची गरज रणवीरला कधी वाटली नव्हती, त्यामुळे निम्म्या गोळ्या तो मोरीत थुंकायचा.

घरात न बोलताच ठरून गेलं की त्याला काही कळू द्यायचं नाही. विठोजी म्हणाले, पायरीवर घसरलो. पुढे आईच्या, अंबुबाईच्या कपाळाला खोक पडली तेव्हा ती म्हणाली, कपाटाचं दार लागलं. विठोजी पिढीजात शिंपी, पण त्यांच्या कात्र्यासुद्धा पेटीत कुलुपाआड गेल्या. घरातली तिघं चवड्यांवर चालायला शिकली.

अशा दिवसांत घरात कॉम्प्युटर आला. दिव्यश्री जवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. सत्त्याण्णव साली क्लासने नवी यंत्रं घेतली आणि जुन्यांतलं एक तिला देऊन टाकलं. त्यात एक खेळ होता. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात सगळे त्याला 'वस्ती' म्हणू लागले. वरून दिसणारी एक गल्ली, काही घरं आणि तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. ती सकाळी उठत, स्वयंपाक करत, कामाला जात, लग्नं करत. जिंकणं-हरणं काही नव्हतं. माणसांना जगू द्यायचं, एवढाच खेळ.

रणवीर त्याच्यापुढे बसला आणि बसूनच राहिला. माणसांना त्याने नावं दिली, कोणाचं कोणाशी जमवायचं यावर आईशी चर्चा केली. तो तिथे असेपर्यंत घरात शांतता असायची. अंबुबाई देवापुढे दिवा लावताना त्या यंत्रालाही हात जोडायची.

पुढच्या वर्षी क्लासमध्ये दिव्यश्रीबरोबर शिकवणाऱ्या जितेंद्रने या खेळाची नवी आवृत्ती सीडीवर आणली. जितेंद्रचे वडील पुण्याहून बदली होऊन आलेले, सरकारी कारखान्यात इंजिनियर. पोरगा मनाने चांगला, दिव्यश्रीवर त्याचा जीव होता आणि तिलाही ते ठाऊक होतं. नव्या वस्तीत माणसं मोठी दिसतात, प्रत्येकाला चेहरा आहे, ती म्हातारी होतात, मरतात, शिवाय त्यांना मेमरी आहे, असं तो तिला रंगवून सांगत होता. जुनं व्हर्जन एकदम बोअरिंग, असं त्याचं मत. दिव्यश्री क्षणभर घुटमळली. पण अण्णाला काहीतरी नवं मिळेल, हा मोह तिला आवरला नाही.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. रणवीरने त्या वस्तीत एक पैलवान बनवला, त्याला घर दिलं, बायको दिली. एकदा गंमत म्हणून त्याने पैलवानाकडून शेजाऱ्याच्या थोबाडीत मारवली. त्यानंतर तो शेजारी पैलवान दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागला. रणवीर त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला, असं दिव्यश्रीला नंतर आठवलं.

मग तो रविवार आला. जितेंद्र जेवायला आला होता आणि रणवीरच्या शेजारी बसून खेळ बघत होता. विठोजी बाहेर गेले होते. पडद्यावर पैलवानाच्या घरात चोर शिरले. पैलवान आडवा गेला, आणि एका चोराने मागून त्याच्या डोक्यात काठी घातली. पैलवान पडला. उठलाच नाही. त्याची बायको तोंड झाकून उभी राहिली.

जितेंद्र हसत म्हणाला, "गेला तुझा पैलवान. डोन्ट वरी, दुसरा बनव."

रणवीरने त्याची मान मागून धरली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. जितेंद्रची भुवई फाटली, रक्त कीबोर्डवर सांडलं. त्याला किंचाळायलाही उसंत मिळाली नाही. दिव्यश्रीने धावत जाऊन भावाच्या दंडाला मिठी मारली. त्याने वळून बघितलं. त्या डोळ्यांत तिची ओळख नव्हती. त्याने तिचं मनगट पकडलं आणि तालमीत शिकलेल्या सवयीने हात पाठीमागे नेऊन पिरगाळला. ओली फांदी मोडावी तसा हात कोपराच्या वर मोडला. ती खाली पडली तसा तो तिच्या छातीवर बसला आणि दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती आवळले.

तिला आईचे पाय दिसले. अंबुबाईच्या हातात मुसळ होतं. तिने ते डोक्याच्या वर उचललं, आणि तसंच क्षणभर धरून ठेवलं, कारण समोर लेकाचं डोकं होतं, आधीच एकदा फुटलेलं. दिव्यश्रीचे कान बंद होत चालले होते. मग अंबुबाईने मुसळ खाली घेऊन आडवं फिरवलं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो कलंडला तरी ती मारत राहिली, मांडीवर, नडगीवर, पाठीवर, डोकं सोडून सगळीकडे, आणि मारताना मोठमोठ्याने रडत होती.

मल्लाप्पाने जितेंद्र आणि दिव्यश्रीला एकाच रिक्षातून इस्पितळात नेलं. जितेंद्रच्या भुवईला टाके पडले. त्याचे वडील पोलिसांत जायला निघाले होते, जितेंद्रने त्यांना अडवलं. पण दिव्यश्रीला तो एवढंच म्हणाला, की तुझा भाऊ घरात ठेवण्यासारखा माणूस नाही. त्यानंतर तो त्यांच्या दारात कधी आला नाही.

रणवीरला काही आठवत नव्हतं. गुडघा का सुजला, त्याने विचारलं. विठोजी म्हणाले, तालमीतलं जुनं दुखणं. दिव्यश्रीच्या प्लास्टरचं ती स्वतःच बोलली, न्हाणीघरात घसरले.

विठोजींनी सांगितलं की ती नवी तबकडी मोडून टाक आणि जुनंच लाव. दिव्यश्रीने एका हाताने नवा खेळ पुसला, फ्लॉपीवरून जुनी वस्ती परत चढवली. तांदळाएवढी माणसं पुन्हा उठू लागली, कामाला जाऊ लागली. सीडी मात्र तिने मोडली नाही, आपल्या कपाटात साड्यांखाली सारली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

रणवीर काही दिवस मुकाट खेळला. मग एका दुपारी त्याने हात मांडीवर घेतले आणि विचारलं, नवी कुठे गेली? तिने सांगितलं, बिघडली.

"आपल्या घरात सगळंच बिघडतं," तो म्हणाला. "अप्पांचा दात, आईचं कपाळ, तुझा हात. आणि माझ्यावर कुणीपण कधी चिडत नाही. ह्या जुन्या वस्तीत तसंच आहे. कायपण करा, माणसं हसतात."

तिने प्लास्टरचा हात पदराआड घेतला.

"नव्या वस्तीत मारलं की माणूस लक्षात ठेवतो. लांबून जातो. तू पण हल्ली माझ्या हाताच्या टप्प्यातून जात नाहीस, दिव्या. आता पण स्वल्प मागेच उभी आहेस." त्याने मान वर केली. "हात मी मोडला ना?"

विठोजी दारात उभे होते. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दिव्यश्रीने त्यांच्याकडे बघितलं, आणि घरातलं नेहमीचं ते खोटं तिच्या तोंडात आलंदेखील, न्हाणीघर, घसरणं, सगळं. घशाला अजून त्याच्या अंगठ्यांचे वळ होते. खरं सांगितलं तर तो पुन्हा उसळेल, ही भीती होतीच.

"हो, अण्णा," ती म्हणाली. "तूच मोडलास. अप्पांचा दात पण तूच पाडलास. आईला पण तूच मारलंस. आणि त्या दिवशी आईने मुसळ घातलं नसतं तर मी मेले असते."

रणवीर उठला. ती भिंतीला चिकटली. पण तो तिच्या अंगावर आला नाही. लंगडत मागच्या अंगणात गेला, कपडे धुवायच्या दगडावर त्याने उजवा पंजा पसरून ठेवला, डाव्या हाताने वरवंटा उचलला आणि त्या पंजावर घातला. बोटं फुटली. त्याने पुन्हा घातला. ओरडला नाही. विठोजी धावत गेले तर त्यांना त्याने कोपराने ढकललं, ते तुळशीजवळ जाऊन आदळले. दिव्यश्री एका हाताने त्याचा सदरा ओढत होती आणि तो फाटून तिच्या मुठीत आला. दगडावरून रक्त मोरीकडे वाहत होतं.

अंबुबाई आतून आली. दगडापाशी बसली आणि आपला हात तिने त्याच्या फुटलेल्या पंजावर ठेवला.

वरवंटा वर होता. तो खाली येणार की नाही हे कुणालाच, कदाचित रणवीरलाही, ठाऊक नव्हतं. मग त्याने वरवंटा बाजूला टाकला आणि आईच्या मांडीत डोकं घालून हंबरडा फोडला.

शांत झाल्यावर त्याने दोन गोष्टी विचारल्या. आणखी कुणाला मारलं, आणि त्या गोळ्या खरोखर कशाच्या. या खेपेला विठोजींनी खरं सांगितलं. रणवीर म्हणाला, "मग मला नेऊन ठेवा तिकडं. घरात नको. सरी होईपर्यंत, नीट होईपर्यंत नको."

मल्लाप्पाच्या रिक्षातून त्याला मोठ्या इस्पितळात नेलं आणि काही आठवडे तो तिथेच राहिला. तिथेही त्याने एका वॉर्डबॉयच्या नाकावर बुक्की मारली, एकदा त्याला पट्ट्यांनी बांधावं लागलं. पण झालेलं त्याला दर वेळी सांगायचं, काही लपवायचं नाही, असं त्याने डॉक्टरांकडून वचन घेतलं होतं. गोळ्या तो गिळू लागला. हाताची दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली.

घरी आल्यावर तो आधी जितेंद्रकडे गेला, दिव्यश्रीला बरोबर घेऊन. जितेंद्र घरात होता, खिडकीत दिसला. दार उघडलं नाही. दोघं थोडा वेळ उभी राहिली आणि परतली. वाटेत रणवीर म्हणाला, त्याचं बरोबर आहे. दिव्यश्रीला बरोबर-चूक काही ठरवता आलं नाही. ती नुसती चालत राहिली, पण त्याच्या शेजारून.

घरी त्याने खेळाचं पुन्हा विचारलं. विठोजी हट्टाला पेटले, खेळायचंच असेल तर जुनी वस्ती, नाहीतर यंत्रच उचलून देतो. अंबुबाई म्हणाली, त्याला ठरवू द्या. दिव्यश्रीने कपाटातून सीडी काढली आणि जुन्या वस्तीच्या फ्लॉप्यांसोबत त्याच्यापुढे ठेवली. रणवीरने फ्लॉप्या बहिणीच्या हातात परत दिल्या.

आणि तो नवी वस्ती खेळू लागला. माणसं म्हातारी होत, भांडत, मरत. कुणी मेलं की तो उठून अंगणात फेऱ्या मारायचा. कधी परत येऊन बसायचा, कधी दिवसभर बसायचा नाही. राग गेला नव्हता. फक्त तो येताना आता रणवीरला थोडा आधी कळायचा, पावसाआधी जुनी जखम ठणकावी तसा.

एका दुपारी पडद्यावर पुन्हा चोर आले. दिव्यश्री मागे बसून पेपर तपासत होती. तिला त्याची मान ताठ झालेली दिसली.

"बाहेर जा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आईला घे, अप्पांना घे. दार बाहेरून लाव."

तिघं व्हरांड्यात आली. दिव्यश्रीने कडी घातली. आत आधी काहीच ऐकू आलं नाही, मग खुर्ची मोडली, मग काच, मग काहीतरी जड भिंतीवर आदळलं, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्यामधून जनावरासारखा एक आवाज. शेजारचे लोक बाहेर आले. मल्लाप्पाने रिक्षा थांबवली आणि फाटकाशी उभा राहिला. विठोजी कडीकडे हात नेत आणि मागे घेत. अंबुबाई पायरीवर बसून राहिली, डोळे मिटून.

हळूहळू आवाज विरत गेले. आत कुणीतरी झाडू फिरवत असल्यासारखं वाटलं. मग दाराच्या अगदी जवळून रणवीर बोलला, धाप लागलेली, पण आवाज त्याचाच.

"अप्पा, उघडा आता. आणि पाय बघून टाका. मी सगळीकडे काचा केल्यात."