सरुबाईचा डावा कान

वडिवळ्याच्या सरुबाईचा उजवा कान लहानपणी गोवरात गेला तो गेलाच. पुढं सुईणपण केलं ते डाव्या कानावर. पोटुशीच्या पोटाला तो लावून ती बाळाची धडधड ऐकायची. अडतीस सालच्या माघात तोच कान वाहायला लागला. कानामागं सूज, अंगात ताप. नवरा नथू तिला लोणावळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"पू हाडात शिरलाय. पुण्याला ऑपरेशन करायला हवं," डॉक्टर म्हणाले.

"मी न्हाई करायची," सरुबाई म्हणाली. "आमच्या गावचा कोंडाजी आपरेशन करून आला, तो ठार बहिरा झाला."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. पोलादी चिमट्यासारखं काहीतरी गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा त्यांनी तिच्या कानामागं टेकवला. कळ आली, पण तिला भुंग्यागत गुणगुण ऐकू आली. गुणगुण थांबताच, डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे, तिनं हात वर केला. लगेच त्यांनी चिमटा कानासमोर धरला.

"आता?"

"हाय की. अजून हाय."

तीनदा तसंच झालं. डॉक्टरांचा चेहरा सैलावला. "पडद्यामागं तीन बारीक हाडं असतात. ती आवाज आत पोचवतात. ती किडली असती, तर कानासमोरचा, हवेतला आवाज हाडातल्या आवाजाआधी मेला असता. तुमची बहुतेक शाबूत आहेत. ती तशीच ठेवून पू काढा, असं सर्जनना लिहून देतो."

"नक्की?"

"नक्की कसं म्हणू? पण अंधारात हात घालत नाही आपण."

ते तिला पटलं. बाळंतपणाआधी तीही कुठल्या सासूला कधी शब्द देत नसे.

पुण्यात ऑपरेशन होऊन ती शुद्धीवर आली तेव्हा कान बोळ्यांनी गच्च भरलेला. नथूचे ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. ती रडायला लागली. नथूनं तीन बोटं दाखवली, मान डोलावली, पुन्हा तीन बोटं दाखवली. सर्जननी हाडं धड असल्याचं सांगितलं होतं. तिला ते कळलं, पण खरं वाटेना.

बाराव्या दिवशी बोळे निघाले. तबकात कात्री पडली, तिचा खणकन आवाज झाला. मग दारापाशी नथू नर्सबाईंना हळूच सांगत होता, "दोन म्हैने शेतात जाऊ नगं म्हणावं हिला. माझं काय चालत न्हाई तिच्यापुढं."

"कागाळ्या करताय व्हय माझ्या?" सरुबाई म्हणाली.

नथू वळला. पटक्याच्या शेवानं डोळे पुसत राहिला. सरुबाईला मात्र कडकडून भूक लागली.