स्टॅनलीची मॉरिस आणि डेस्मंडची ऑस्टिन

स्टॅनली पार्गेटरची मॉरिस मायनर आणि त्याच्या मेव्हण्याची, डेस्मंडची, ऑस्टिन समरसेट. दोन्ही त्रेपन्न सालच्या, समोरासमोरच्या गॅरेजांत. एकवीस वर्षं दर रविवारी दोघे त्यांची तुलना करत. मॉरिस वळणावर कशी शहाण्यासारखी वागते, हे स्टॅनली सांगे. ऑस्टिनमध्ये माणूस हॅट घालून बसू शकतो, हे डेस्मंड सांगे. डेस्मंडला टक्कल असल्यामुळे हा मुद्दा त्याला फार महत्त्वाचा वाटे. गाड्या चालवून बघाव्यात असं मात्र दोघांनाही सुचत नसे, कारण चालवली की गाडी मळते. डेस्मंडनं एकदा तरी हार मानावी, एवढीच स्टॅनलीची इच्छा होती.

लेकीची, ग्वेनची, इच्छा त्याहून साधी होती. लग्नाला चर्चमध्ये बाबांच्या मॉरिसमधून जायचं, बाबांनीच चालवायची. स्टॅनलीनं महिनाभर क्रोम घासलं. लग्नाच्या दिवशी साडेदहाला त्यानं गाडी दिमाखात फाटकापाशी आणली आणि भुरभुर सुरू झाली.

इंग्लंडात जूनमध्ये पाऊस पडतो, हे साठ वर्षं इथंच काढलेल्या माणसाला बिचाऱ्याला कोण सांगणार? त्यानं धावत जाऊन छत्री आणली.

ग्वेन पांढऱ्या झग्यात आईबरोबर फाटकापाशी आली. बाबा छत्री घेऊन उभे होते. छत्री बॉनेटवर होती.

"बाबा, अकराला लग्न आहे."

"पाच मिनिटं थांब गं. ओल्या रस्त्यावर काढली की खालून चिखल उडतो."

"आणि माझ्यावर पडतंय ते?"

"तू वाळशील की!"

समोरच्या गॅरेजातून, कोरड्या जागी उभा राहून, डेस्मंड म्हणाला, "काढ की बाहेर. का मॉरिस विरघळते?"

"तुझी काढ आधी!"

डेस्मंडनं ऑस्टिनवर दुसरी चादर घातली.

पावणेअकरा झाले. शेजारच्या ब्रेंडाबाईंनी आपली चिखलानं माखलेली जपानी गाडी आणली. मागच्या सीटवर कुत्र्याचे केस होते. ग्वेन झगा गोळा करून आत बसली.

"आई, चल. चर्चमध्ये माझा हात धरून तूच ने मला."

"अगं, तो मान माझा आहे!" स्टॅनली ओरडला.

"तुमचे हात कुठे मोकळे आहेत, बाबा?"

गाडी निघून गेली. स्टॅनली तिच्यामागे चार पावलं धावला, तेही छत्री बॉनेटवर नीट टेकवून ठेवल्यावर. मग रस्त्यात थांबला. त्याला रडू आलं.

डेस्मंड हळूच बाहेर आला. मॉरिसभोवती एक फेरी मारली, वाकून क्रोम पाहिलं.

"मानलं तुला, स्टॅन," तो म्हणाला. "माझ्या गाडीपेक्षा तुझीच चांगली."

चर्चची घंटा वाजू लागली होती.