दाढी दिसली की प्यायचं

आमच्या बसवनगुडीच्या घरात पाण्याला पास व्हावं लागायचं. पास करायच्या माझ्या सासूबाई. सगळं घर त्यांना अक्का म्हणायचं. रोज सकाळी नळाचं पाणी पितळी हंड्यात भरलं, की अक्का तळाशी दाढीवाल्या राजाचा जुना रुपया सोडायच्या आणि वाकून बघायच्या. राजाची दाढी दिसली की प्यायचं. नाही दिसली की झाडांना. त्यांचा थोरला मुलगा तीन वर्षांचा असताना गढूळ पाण्यानं हगवण लागून गेला होता, म्हणून या बाबतीत घरात कुणी तोंड उघडायचं नाही.

अठ्ठावन्न साली मला सातवा महिना होता आणि अक्कांनी सलग नऊ दिवस पाणी नापास केलं. मी उकळायचं, चार पदरी फडक्यातून गाळायचं, पुन्हा दाखवायचं. पुन्हा नापास! दुपारी कसाबसा एखादा तांब्या पास व्हायचा. जळ्ळी ती दाढी! दहाव्या दिवशी मला घेरी आली, तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

हे, म्हणजे माझे यजमान, पाणी तपासायच्या नोकरीत. संध्याकाळी ऑफिसातली लांब काचेची नळी घेऊन आले. खाली मेणबत्ती लावायची, वरून बघत नळीत पाणी ओतायचं. ज्योत लवकर दिसेनाशी झाली तर पाणी गढूळ.

"गढूळपणाआड जंतू लपतात, औषध पोचत नाही त्यांच्यापर्यंत," ह्यांनी आईला सांगितलं. "नितळ पाणीसुद्धा वाईट असू शकतं, पण गढूळ नकोच. तुझं बरोबर आहे, अक्का. फक्त यातून बघ."

अक्कांनी नळीला डोळा लावला आणि ह्यांना विचारलं,

"ज्योत कुठाय रे, फत्ते? नुसता उजेड पसरलाय. मी म्हणत नव्हते? गढूळ!"

नळीत पाणी अजून ओतलंच नव्हतं. ह्यांनी तसं सांगून हातातला तांब्या पुढे केला.

अक्कांनी तांब्या चाचपला. काठोकाठ भरलेला. "सरी," म्हणजे बरं, एवढंच कानडीत म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी हंडा भरला, पण अक्का आल्या नाहीत. नऊ दिवस मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले होते, आणि आता माझाच मेला हात पाण्याकडे जाईना. शेवटी त्यांच्याकडून रुपया मागून आणला, हंड्यात सोडला आणि वाकले, सातव्या महिन्यात जमेल तेवढी.

"दाढी दिसते का गं, सोयरा?" आतून आवाज आला.

"दिसते."

"नीट बघ."

"एकेक केस दिसतो, अक्का." मला रडूच फुटलं.

"मग आधी तू पी," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस दोघांना तहानेलं ठेवलंय मी."