तुटक्या पंखाचा नमुना

मित्रांनो, माझ्या जबड्यात एक खोटी माशी अडकली आहे. ती आता सुटायची नाही, कारण मी पार गंजलो आहे. मी एक जुना व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, मासेमारीचा गळ घट्ट धरून ठेवणारा. चाकणच्या टूलरूममध्ये मालोजी फिटरने मला उरल्यासुरल्या पोलादातून घडवले आणि निगडीच्या एका शेडमध्ये टेबलाला जखडले. तिथे बायका गळावर कोंबड्याची पिसे रेशमी दोऱ्याने बांधून माश्या बनवत. परदेशातले सॅमन आणि ट्राउट मासे त्यांना फसतात म्हणे. आमच्यापैकी कोणी ते मासे पाहिले नव्हते.

माझ्यासमोर उदगीरकडच्या शालनबाई बसायच्या. मालक निरंजन सर त्यांची माशी सगळ्यांना दाखवायचे आणि मी उगाच फुशारून जायचो. बाईंना एकच हौस होती, एखादी माशी स्वतःच्या मनाने बेतायची. सर म्हणाले, "ही ऑर्डर नीट करा, मग तुमचं डिझाइन पाठवू. पण नमुन्यात काडीचा फरक नको. डोकं चालवू नका."

परदेशी गिऱ्हाइकाकडून नमुना आला, त्याचा डावा पंख निम्मा तुटलेला. बाई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी बाराशे माश्यांचा डावा पंख अगदी तस्साच कापला.

सगळा माल परत आला.

"ताई, तो नमुना माशाने चावलेला होता. एवढंही कळू नये?" सर म्हणाले.

"मासा कसा चावतो ते मला कुणी दावलंच न्हाई, सर. जसं हाय तसं करा म्हणलात, तसं केलं."

सरांनी बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले.

त्या दुपारी बाईंनी माझ्या जबड्यात एक गळ धरला आणि कुणालाही न विचारता आपली माशी बांधली, तांबूस, पिवळ्या पोटाची. शेवटची गाठ मारणार तोच शेड बंद करायची वेळ झाली. त्या तशाच उठून गेल्या.

पुढे शेडही बंद पडले. मी माळ्यावर आलो. मला तेल दिले नाहीत तरी चालेल, मित्रांनो, पण ज्याच्या हातून काम करून घेता, त्याला ते कशासाठी आहे तेवढे सांगत जा. माझ्या जबड्यातल्या माशीचे दोन्ही पंख अजून शाबूत आहेत. दोरा मात्र रोज थोडा उसवतो, आणि ती गाठ मारायला आता कोणी येणार नाही.