अनूच्या हातची बोहनी

बरणीच्या तळाला चिकटलेली लाल गोळी निघता निघेना. शिवप्रकाशने नख लावलं, मग चमच्याची दांडी... काचेला तिने असं काही धरून ठेवलं होतं, की नको नको म्हणताना त्याला कालचा तो नखाएवढा आरसा आठवलाच – सेलूच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या लेकीच्या, अनूच्या तोंडात धरलेला, आणि त्यात दिसलेला, सगळ्यात मागच्या दाढेच्या खाचेतला काळा ठिपका.

पुढचे दात किडलेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. दुधाचेच तर दात, पडतील, असं त्याची आई गंगम्मा येता-जाता म्हणायची. पण ही दाढ पडणारी नाही, बाई म्हणाल्या. सहाव्या वर्षाच्या सुमाराला ही दुधाच्या दाढांच्या मागे नवीनच येते, लोक तिला दुधाची समजून सोडून देतात, आणि ही तर जन्माची. कीड अजून वरवर आहे, सोमवारी आणा, भरून टाकू. पण अधूनमधून गोड खाणं बंद. रात्री झोपताना तुम्ही स्वतः ब्रशने घासून द्या, तिच्यावर सोडू नका... आणि सकाळी उठल्या उठल्या गोड काय खाते ही?

त्याच्या बायकोने, राजेश्रीने, त्याच्याकडे पाहिलं होतं. तो भिंतीकडे पाहत राहिला.

काय सांगणार होता? की अनू दुडूदुडू चालायची तेव्हा एका सकाळी तिने हातातला रुपया पुढे केला, त्याने गंमत म्हणून गोळी दिली, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांपुढे त्याला जेवायलाही फुरसत मिळाली नाही? तेव्हापासून वालूरच्या या दुकानाची बोहनी तिच्याच हातची. लिंगपूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून तो शटर वर करायचा आणि ती झोपेतून तशीच, तोंडही न धुता यायची. एकदा ताप होता तर त्याने तिला कडेवर आणलं होतं... हो, आणलं होतं, आणि गोळी स्वतः तिच्या तोंडात घातली होती. पोरीच्या हाताला बरकत आहे, सगळे म्हणत. तो हातच बघत आला.

आणि आता नेमकं चौकात ते नवं मोठं दुकान झालेलं, गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलेलं, अशात हे मोडायचं? गोळीऐवजी शेंगदाणे दिले तर? पण बोहनी ती बोहनी, तिच्यात अशी अदलाबदल चालते का... साखर न्यायला आलेल्या सारजाबाईला त्याने थांबवलं. बोहनी व्हायचीय म्हटल्यावर ती सवयीने पायरीवर टेकली.

अनू आली. रुपया दिला. त्याने तो कपाळाला लावून गल्ल्यात टाकला, आणि पुढे हात उचलेना. ती तळवा पसरून उभीच.

"आज गोळी न्हाई," तो म्हणाला. "दाढ दुखती का गं?"

"गोळी खाल्ली की दुखती. लय."

"मग कधी बोलली न्हाईस?"

"गोळी न्हाई घेतली तर तुमची बोहनी कशी हुईल, अप्पा?"

सारजाबाई हसली, पोरगी लय शहाणी हाय म्हणाली. त्याने साखर मोजली, पुडा बांधला, आणि ती गेल्यावरही दोरा बोटाला गुंडाळत बसला. गोळी एका गालात सारून अनू मान वाकडी करायची. रोज. त्याला तो तिचा लाडिकपणा वाटायचा, त्याने तर तिची नक्कलसुद्धा करून दाखवली होती गिऱ्हाइकांना... दिवसभरात कोण आलं, काय घेऊन गेलं, त्याला सांगता आलं नसतं. लाज वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

जेवणं झाल्यावर त्याने अनूला मांडीवर आडवं घेतलं. ब्रश हळूच आत नेला. मागच्या दाढेला तो लागला तशी तिने त्याच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली.

"दुखायलंय का?"

तिने मान हलवली. नाही.

तो थांबला. तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग डोळ्यांकडे. ती हसत होती, आणि हे ‘नाही’ खरं होतं की बोहनीसारखंच त्याच्यासाठी, ते त्याला काही केल्या कळेना.